तीनदा खरे कसे ठरले?



सहामाहीचे पेपर तपासून झाले त्या रविवारी मुलांनी हट्ट धरला की आज घरात सगळ्यांनी मिळून एक पिक्चर पाहायचा. आमच्या घरी पिक्चर ठरवणे हे मुलीचे स्थळ ठरवण्याहून अवघड. मुलांच्या अब्बांना मारामारी चालत नाही, सासूबाईंना नाचगाणे चालत नाही आणि मुलांना उपदेश चालत नाही. शेवटी क्रिकेट या एका गोष्टीवर सर्वांचे जमले आणि 'द झोया फॅक्टर' लावला. गाणे सुरू झाले की सासूबाई तसबीह घेऊन आतल्या खोलीत जात आणि गाणे संपले की, "आता काय झालं?" असे विचारत परत येत. अडीच तास घर हसत होते.

हा पिक्चर 2019 च्या सप्टेंबरात आला. अनुजा चौहान यांची याच नावाची इंग्रजी कादंबरी 2008 साली निघाली होती, तिच्यावर तो बेतलेला आहे. दिग्दर्शक अभिषेक शर्मा. सोनम कपूर आणि दुल्कर सलमान मुख्य भूमिकांत. झोया सोलंकी ही जाहिरात कंपनीत खालच्या पदावर काम करणारी, बऱ्यापैकी वेंधळी मुलगी. तिचा जन्म 25 जून 1983 चा, म्हणजे भारताने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला त्या दिवसाचा. त्यामुळे घरात बाप आणि भाऊ पक्के समजून चाललेले की ही पोरगी क्रिकेटसाठी शुभ आहे. कामानिमित्त ती भारतीय संघाबरोबर न्याहारीला बसते, गप्पांत हे सांगून टाकते आणि संघ सामना जिंकतो. मग पुन्हा न्याहारी, पुन्हा विजय. बघता बघता खेळाडूंना तिच्याशिवाय घास गोड लागेना. क्रिकेट मंडळ तिच्याशी करार करते, कंपन्या तिला जाहिरातीत घेतात, लोक तिला देवी म्हणू लागतात. संघात एकटा कप्तान निखिल खोडा सांगत राहतो की सामना मेहनतीने जिंकला जातो, न्याहारीने नाही. पण त्याचे ऐकतो कोण?

आमची मुले हसून लोळत होती. आम्हीही हसलो. हसताना मनात असेही आले की बघा, लोक काय काय मानतात! ते हसू चार दिवस टिकले.

पाचव्या दिवशी मगरिबनंतर आमच्या गल्लीतल्या एक भाभी आल्या. दारातच उभ्या राहिल्या. चहा नको म्हणाल्या, तेव्हाच आम्ही ओळखले की काहीतरी बिनसले आहे. त्यांचा मोठा मुलगा मोबाइलच्या दुकानात कामाला आहे, वय वीस-एकवीस. मुलगा साधा, नमाजी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. गल्लीतल्या वीस बायकांची भिशी आहे आणि त्या महिन्याची भिशी भाभींना लागली होती. चाळीस हजार रुपये. मुलीच्या लग्नासाठी म्हणून कपाटात ठेवले होते, बँकेत भरायला मुलाकडे दिले. ते बँकेत गेलेच नाहीत.

झाले असे होते. मुलाच्या फोनवर एका अनोळखी नंबरावरून मेसेज आला : 'आजच्या सामन्यात अमुक संघ जिंकणार. पैसे लावू नका, फक्त बघा.' तो संघ जिंकला. दुसऱ्या सामन्याआधी पुन्हा मेसेज, पुन्हा खरा. तिसऱ्यांदाही खरा. चौथ्या वेळी मेसेज आला की आता फुकट नाही, पाचशे रुपये पाठवा. मुलाने पाठवले. पाचशेचे दोन हजार झाले, कारण त्याला 'पक्का रिपोर्ट' हवा होता. मग त्याच माणसाने पैसे लावायची जागाही दाखवली. दहा दिवसांत भिशी साफ.

भाभी रडल्या नाहीत. ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत त्यांनी एकच गोष्ट विचारली, "आपा, तुम्ही शिकलेल्या आहात, म्हणून विचारते. पोरगा म्हणतो, तीनदा खरं ठरलं. मी त्याला मारलं, शिव्या दिल्या, पण या गोष्टीचं उत्तर मला देता आलं नाही. तीनदा खरं कसं ठरलं?"

खरे सांगायचे तर त्या रात्री आम्हालाही ते देता आले नाही. जुगार हराम आहे, हे आम्ही सांगू शकत होतो. ते भाभींना ठाऊक होते, मुलालाही ठाऊक होते. पण ज्याच्या डोळ्यांसमोर तीन वेळा बोललेले तसेच घडले, त्याच्यापुढे नुसता 'हराम' हा शब्द ठेवला की तो मान खाली घालतो आणि मनात म्हणतो, हराम असेल, पण खरे तर आहे ना! आधी ते खरे नव्हते, हे दाखवायला हवे होते.

रात्री झोप येईना तेव्हा आम्हाला पॉल आठवला. 2010 च्या फुटबॉल विश्वचषकात जगभर गाजलेला आठ पायांचा ऑक्टोपस. जर्मनीतल्या ओबरहाउझेन गावच्या मत्स्यालयात तो असे. सामन्याआधी त्याच्यापुढे दोन पारदर्शक डबे सोडायचे, दोन्हींवर एकेका देशाचा झेंडा आणि आत खायला शिंपले. ज्या डब्याकडे तो आधी जाईल तो देश जिंकणार. त्या स्पर्धेत जर्मनीचे सातही सामने आणि स्पेन-नेदरलँड्सचा अंतिम सामना, असे आठपैकी आठ त्याने बरोबर सांगितले. जर्मनी स्पेनकडून हरणार, हेसुद्धा. तेव्हा चिडलेल्या जर्मन लोकांनी त्याला तळून खायची भाषा केली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो मेला, तर जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी छापली.

दोन गोष्टी मात्र फारशा कोणी लक्षात ठेवल्या नाहीत. पहिली ही की याच पॉलने 2008 च्या युरोपियन स्पर्धेत सहापैकी दोन सामने चुकीचे सांगितले होते आणि त्यांत अंतिम सामनाही होता. दुसरी ही की 2010 मध्ये भविष्य सांगणारा तो एकटा नव्हता. सिंगापूरच्या लिटल इंडियात एका ज्योतिषाचा मणी नावाचा पोपट होता. आपल्याकडे जत्रेत पोपटवाला बसतो आणि पोपट चोचीने पाकीट काढतो ना, तसाच. मणीने उपांत्यपूर्व फेरीचे चारही सामने बरोबर सांगितले आणि त्याचेही नाव जगभर झाले. अंतिम सामन्यात त्याने नेदरलँड्सचे पाकीट काढले. स्पेन जिंकले. आज पॉल सर्वांना आठवतो, मणी कोणाला आठवत नाही. ज्याचे चुकले तो विसरला जातो आणि ज्याचे जुळले तो आपल्यापर्यंत पोहोचतो. म्हणून आपल्याला वाटते की जगात जुळणारेच सगळे आहेत.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात आम्ही उर्दूचा तास बाजूला ठेवला. हजेरी पुरी चौसष्ट. सर्वांना उभे केले आणि सांगितले की आज या वर्गात एक 'पहुँचे हुए' बुजुर्ग लपले आहेत, त्यांना शोधायचे आहे. डाव्या बाजूच्या 32 जणांनी 'छापा' म्हणायचे, उजव्या बाजूच्या 32 जणांनी 'काटा'. आम्ही नाणे उडवले. ज्यांचे चुकले ते खाली बसले. उरलेल्या 32 जणांचे पुन्हा दोन भाग, पुन्हा नाणे. 16 उरले. मग 8, मग 4, मग 2. सहाव्या वेळी नाणे पडले तेव्हा वर्गात एकच मुलगी उभी होती. शेवटच्या बाकावर बसणारी, चार वेळा विचारावे तेव्हा एकदा बोलणारी.

वर्गाने जो गलका केला तो काय सांगावा! सहापैकी सहा बरोबर! एक मुलगा ओरडला, "टीचर, हिला विचारा, उद्याची मॅच कोण जिंकणार!" सगळे हसले. पण तास संपल्यावर आम्ही पाहिले, दोन मुले खरोखरच तिच्या बाकाशी जाऊन हळूच काही विचारत होती. आत्ता पाच मिनिटांपूर्वी सगळा खेळ त्यांच्या डोळ्यांदेखत झाला होता. त्या खेळात तेही उभे होते आणि तेही बसले होते. तरीही सहापैकी सहाची जादू त्यांच्यावर चालली होती.

ती मुलगी गोंधळून आमच्याकडे आली आणि म्हणाली, "टीचर, मी काहीच केलं नाही. नाणं तुम्ही उडवलं."

चौसष्ट जणांत सहा वेळा नाणे उडवले की एक 'बुजुर्ग' निघणारच. कोण निघेल हे सांगता येत नाही, पण कोणीतरी निघेल हे नक्की. आठ वेळा जुळणारा हवा असेल तर 256 मुले लागतील. म्हणजे शाळेच्या पटांगणात असे चार वर्ग उभे केले की आमच्याकडेही एक पॉल तयार.

इंग्लंडमध्ये डेरेन ब्राउन नावाच्या जादूगाराने हीच गोष्ट 2008 साली टीव्हीवर करून दाखवली होती. एका बाईला दर वेळी घोड्यांच्या शर्यतीआधी अनोळखी माणसाकडून जिंकणाऱ्या घोड्याचे नाव येई. पाच शर्यती, पाचही नावे बरोबर. तिचा इतका विश्वास बसला की पुढच्या शर्यतीसाठी तिने उसने पैसे आणले. मग जादूगाराने पडदा उघडला. सुरुवातीला नावे एकट्या तिला गेली नव्हती, 7776 लोकांना गेली होती. शर्यतीत सहा घोडे, लोकांचे सहा गट आणि प्रत्येक गटाला वेगळ्या घोड्याचे नाव. पहिल्या शर्यतीनंतर 1296 लोक उरले, मग 216, मग 36, मग 6 आणि पाचव्या शर्यतीनंतर ती एकटी. बाकी 7775 जणांना केव्हाच कळले होते की हा माणूस थापाड्या आहे. फक्त तिला कळले नव्हते, कारण तिला त्या बाकीच्यांचा पत्ताच नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही भाभींच्या मुलाला बोलावले. तो आला आणि खाली बघत बसला. आम्ही उपदेश केला नाही, पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. समजा त्या माणसाकडे 800 फोन नंबर आहेत. 400 जणांना त्याने लिहिले, पहिला संघ जिंकेल. उरलेल्या 400 जणांना लिहिले, दुसरा जिंकेल. सामना संपला. ज्या 400 जणांना चुकीचे गेले त्यांना पुन्हा मेसेज नाही. उरलेल्या 400 चे पुन्हा दोन भाग. सामना संपला, 200 उरले. तिसरा सामना, 100 उरले. या शंभर जणांच्या डोळ्यांसमोर तो माणूस तीनदा खरा ठरला आहे. आता त्या प्रत्येकाकडून पाचशे रुपये घे. झाले पन्नास हजार, आणि त्या माणसाला क्रिकेटची बॅट कशी धरतात हेही ठाऊक असायची गरज नाही. कोणी मोठा ग्रुप चालवतो आणि चुकलेले मेसेज पुसून टाकतो. कोणी दोन ग्रुप काढून दोन्हीकडे उलटसुलट लिहितो. रीत वेगळी, हिशेब तोच.

मुलगा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग त्याने विचारले, "खाला, म्हणजे मी त्या शंभरातला एक होतो?"

"हो, बेटा."

"आणि त्या सातशे जणांचे पैसे वाचले?"

"वाचले. त्यांना पहिल्या तीन मेसेजांतच खोटं मिळालं, हे त्यांचं नशीब."

तो पहिल्यांदाच थोडा हसला. त्याचे ते हसू पाहून आम्हाला रडू येता येता राहिले.

आता एक गोष्ट आपल्या घरातली. पिक्चर पाहताना आम्हाला वाटले होते की देवी बनवणारे ते लोक वेगळे, आपण वेगळे. आपण तौहीद मानणारे, आपल्याकडे हे कसे असेल? पण मनाशी हिशेब करून पाहा. मटक्याचा जोर होता त्या काळात आपल्याच गावांत लोक मस्त फकिरांच्या मागे फिरत. फकीर काही पुटपुटला, काठीने जमिनीवर रेघ ओढली, कोणाला दोन दगड मारले, की त्याचा आकडा काढायचा आणि लावायचा. लागला तर बाबा पोहोचलेले, नाही लागला तर आपल्याला इशारा समजला नाही. बाबा कधी चुकतच नसत! आजही पेपरात 'परीक्षा, नोकरी, मुकदमा, सर्व कामे चोवीस तासांत' अशा जाहिराती देणाऱ्या आमिलांकडे आपलेच लोक जातात. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी सोफ्यावरची जागा न बदलणारे मामू तर प्रत्येक घरात आहेत. त्यांना हसावे, पण हेही आठवावे की झोयाचा पसारा घरातल्या अशाच गमतीतून वाढला होता. बाप आणि भाऊ प्रेमाने म्हणाले, पोरगी शुभ आहे. पुढचे काम बाजाराने केले.

आणि जरा विचार करा, 25 जून 1983 ला आपल्या देशात किती हजार बाळे जन्मली असतील? ती सगळीच शुभ होती का? त्या दिवशी भारताच्या फक्त 183 धावा झाल्या होत्या. समोर वेस्ट इंडीज, आधीचे दोन्ही विश्वचषक जिंकलेला संघ. तरी त्यांना 140 धावांत गुंडाळले, ते कोणाच्या जन्मामुळे? कपिल देव उलटे धावत गेले आणि त्यांनी रिचर्ड्सचा झेल घेतला. मोहिंदर अमरनाथ यांनी 12 धावांत 3 बळी घेतले. यष्टीमागे सय्यद किरमाणी उभे होते. त्या सर्वांचा घाम विसरून श्रेय एका बाळाच्या जन्मवेळेला द्यायचे, हा त्या खेळाडूंवर अन्याय आहे. कप्तान खोडा चिडतो तो याचसाठी, आणि त्याची चीड रास्त आहे.

इस्लाम येण्यापूर्वी अरबस्तानात मोठ्या कामाआधी बाणांनी कौल लावायची पद्धत होती. बाणांवर 'कर', 'करू नको' असे काही लिहिलेले असे, हाती येईल तो हुकूम. पवित्र कुरआनच्या सूरह माइदाच्या नव्वदाव्या आयतीत दारू, जुगार, मूर्तींची ठाणी आणि कौलाचे हे बाण ही चारही एकाच रांगेत ठेवून मनाई केली आहे. आम्ही ही आयत लहानपणापासून वाचत आलो, पण जुगाराशेजारी कौलाचे बाण का, हे भाभींच्या मुलाने आम्हाला समजावले. जुगाऱ्याला कौल देणारा लागतो आणि कौल देणाऱ्याला जुगारी लागतो. एकाचे दुकान दुसऱ्याशिवाय चालत नाही. मक्का जिंकल्यावर काबागृहात हजरत इब्राहीम आणि हजरत इस्माईल (अलै.) यांच्या हाती कौलाचे बाण दिलेल्या प्रतिमा होत्या. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी त्या बाहेर काढायला लावल्या आणि या दोघांनी कधीही बाणांनी कौल लावला नव्हता, हे स्पष्ट सांगितले.

आणि भाभींचा जो प्रश्न होता तो तर चौदाशे वर्षांपूर्वी जसाच्या तसा विचारला गेला आहे. लोकांनी प्रेषितांना (स.) काहिनांबद्दल, म्हणजे भविष्य सांगणाऱ्यांबद्दल विचारले. त्यांत काही तथ्य नाही, असे उत्तर मिळाले. लोक म्हणाले, पण कधी कधी ते सांगतात ते खरे ठरते की! त्यावर प्रेषितांनी (स.) जे समजावले त्याचा आशय असा की चोरून ऐकलेल्या एका खऱ्या शब्दात ते शंभराहून अधिक खोटे मिसळतात. हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेली ही हदीस बुखारीत आहे. खरा शब्द नसतोच, असे त्यांनी म्हटले नाही. त्याच्याभोवतीचे शंभर खोटे मोजा, हे शिकवले. आमच्या पाठकोऱ्या कागदावरच्या हिशेबात याहून वेगळे काय होते?

सूरह आराफमध्ये तर प्रेषितांनाच (स.) सांगायला लावले आहे की मला परोक्षाचे ज्ञान असते तर मी स्वतःसाठी पुष्कळ लाभ गोळा केला असता आणि मला कसलीही इजा पोहोचली नसती. हा निकष प्रत्येक 'रिपोर्ट' विकणाऱ्याला लावून पाहा. उद्याचा विजेता ज्याला आज ठाऊक आहे, तो तुमच्या पाचशे रुपयांसाठी मेसेज कशाला पाठवील?

कोणी म्हणेल, मग हवामान खाते पावसाचा अंदाज देते, डॉक्टर आजाराचा अंदाज देतात, तेही चुकीचे का? नाही. ते ढग, वारा, रक्त, एक्स-रे पाहून सांगतात, शक्यता म्हणून सांगतात आणि चुकले तर ते नोंदले जाते. तो इल्म आहे. इस्तिखाराही भविष्य पाहणे नव्हे. ती अल्लाहकडे भल्याची वाट मागणारी दुआ आहे. लबाडी तिथे असते जिथे चूक कधीच मोजली जात नाही.

लिहिता लिहिता आम्हाला वर्गातली ती मुलगी पुन्हा आठवली. 'मी काहीच केलं नाही.' सहापैकी सहा बरोबर आल्यावर, सगळा वर्ग टाळ्या वाजवत असताना हे म्हणणे सोपे नाही. मोठमोठ्यांना जमत नाही.

हिजरीचे दहावे वर्ष होते. प्रेषितांचे (स.) चिमुकले पुत्र हजरत इब्राहीम वारले. दीड वर्षाच्या आसपासचे वय. बापाच्या डोळ्यांत पाणी होते. त्याच दिवशी मदीनेवर सूर्यग्रहण लागले. तारखांचा हिशेब करणारे ते इ.स. 632 च्या जानेवारीतले ग्रहण मानतात. भरदिवसा अंधारून आले तेव्हा लोक म्हणू लागले, प्रेषितांच्या मुलासाठी सूर्यही दुःखात बुडाला. त्यांना कोणी असे बोलायला सांगितले नव्हते. त्यांच्या मनातून, प्रेमातून ते आले होते. खोटा दावेदार असता तर यापेक्षा मोठी संधी कोणती? काही बोलायचेही नव्हते, नुसते गप्प राहिले असते तरी पुरे होते. पण प्रेषितांनी (स.) ग्रहणाची नमाज पढवली आणि लोकांना स्पष्ट समजावले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरण्या-जगण्यामुळे त्यांना ग्रहण लागत नाही. पोटचे मूल गेल्याच्या दिवशी, अवघे शहर विश्वास ठेवायला तयार असताना, त्यांनी न केलेल्या गोष्टीचे श्रेय नाकारले.

खरा आणि खोटा यांतला फरक मुलांना समजावायला आम्हाला याहून चांगला धडा ठाऊक नाही. खोटा जुळलेल्या योगायोगावर आपले नाव लिहितो. खरा जुळलेल्या योगायोगावरून आपले नाव पुसतो.

पिक्चरमधली झोयाही शेवटी तिथेच येते. ती वाईट मुलगी नाही. तिने कोणाला फसवायचे ठरवले नव्हते, लोकांनी चढवले आणि ती चढली. पण अखेर ती या देवीपणातून बाहेर पडते आणि संघ आपल्या बळावर जिंकतो. आमची धाकटी तेव्हा म्हणाली, "म्हणजे ती आधी बसली नसती तरी ते जिंकलेच असते?" सासूबाईंनी तसबीह थांबवून उत्तर दिले, "किंवा हरले असते. खेळ आहे तो."

आता भाभींचे. त्यांच्या मुलाने मेसेज, नंबर, पैसे पाठवल्याच्या पावत्या, सगळे फोनमध्ये होते ते आम्ही कागदावर उतरवले आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवली. असे काही तुमच्या घरी घडले तर पहिल्या तासाभरातच या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात. मुलालाच पोलीस पकडतील या भीतीने पुष्कळ घरे गप्प बसतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा जो कायदा केला, त्यात शिक्षा हे खेळ चालवणाऱ्यांना, त्यांची जाहिरात करणाऱ्यांना आणि त्यांचे पैसे फिरवणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून लाजेने किंवा भीतीने लपवू नका.

पैसे परत आलेले नाहीत. येतील याची आशा फार नाही. गल्लीतल्या बायका जमल्या, भाभींना कोणी टोमणा मारला नाही आणि लग्न तोंडावर आले तर पुढच्या भिशीत त्यांचा नंबर आधी धरायचे ठरले. मुलगा पगारातून दरमहा दोन हजार आईच्या हातात देतो. वीस महिने लागतील. परवा दुकानावरून जाताना आम्ही पाहिले, समोर टीव्हीवर सामना चालू होता आणि तो गिऱ्हाइकाच्या मोबाइलला काच बसवता बसवता मधूनच वर बघत होता. आम्ही काही बोललो नाही. क्रिकेट पाहणे गुन्हा नाही. आम्हाला पाहून तो म्हणाला, "खाला, कालपण एक मेसेज आला होता. नवीन नंबर."

"मग?"

"मी लिहिलं, बाकीच्या सातशे जणांना काय सांगितलंस?"

उत्तर आले नाही म्हणे. अल्लाह आपल्या मुलांना हा प्रश्न पैसे जाण्याआधी विचारायची बुद्धी देवो. आमीन.